हेडफोनची केबल बदलताना : चांदी, तांबे आणि त्यांच्यातील खरे अंतर

ज्याची केबल कपापासून सोडवता येते असा उंची हेडफोन घेणाऱ्या श्रोत्यापुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे मूळ केबलच्या जागी दुसरी घ्यायची झाल्यास ती चांदीची घ्यावी की तांब्याची. बाजारात यावर एक रूढ उत्तर तयार आहे : चांदीमुळे वरचे स्वर उजळतात आणि झांजांचा झणत्कार स्वच्छ होतो, तांब्यामुळे खर्ज भरतो आणि एकूण नाद उबदार होतो, आणि ज्याला दोन्ही हवे असेल त्याने चांदीचा मुलामा दिलेले तांबे घ्यावे. हे उत्तर इतके सुबक आहे की ते पडताळून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. तथापि ज्या केबलची किंमत काही वेळा हेडफोनच्या किमतीशी स्पर्धा करते, तिच्याबाबत खरेदीदाराने आधी धातूंचे आकडे पाहावेत आणि मगच खिशात हात घालावा, हे बरे.

विजेच्या प्रवाहाला एखादा पदार्थ स्वभावतः किती विरोध करतो, हे दाखवणाऱ्या राशीला रोधकता म्हणतात. २० अंश सेल्सिअस तापमानाला मऊ केलेल्या तांब्याची रोधकता १.७२ मायक्रो-ओहम-सेंटिमीटर आणि चांदीची सुमारे १.५९ मायक्रो-ओहम-सेंटिमीटर असते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९१३ मध्ये तांब्याचे प्रमाण ठरवून त्याची वाहकता १०० टक्के मानली; त्या मापाने चांदी सुमारे १०६ ते १०८ टक्के, सोने ७० टक्क्यांच्या आसपास आणि ॲल्युमिनियम सुमारे ६१ टक्के भरते. चांदी हा सर्वांत चांगला वाहक आहे हे विधान अक्षरशः खरे आहे, पण तिची तांब्यावरील आघाडी दहा टक्क्यांचीही नाही, हा त्या विधानाचा सहसा न सांगितला जाणारा उत्तरार्ध आहे.

तारेचा प्रत्यक्ष रोध केवळ धातूवर ठरत नाही. तार जितकी लांब तितका तो वाढतो आणि तिच्या छेदाचे क्षेत्रफळ जितके मोठे तितका तो घटतो. त्यामुळे तांब्याच्या तारेचे क्षेत्रफळ आठ-साडेआठ टक्क्यांनी, म्हणजेच तिचा व्यास केवळ चार टक्क्यांनी वाढवला, की ती रोधाच्या बाबतीत चांदीच्या तारेची बरोबरी करते. हेडफोनच्या केबलमध्ये वारंवार आढळणाऱ्या, अमेरिकन तार-मापनातील २६ क्रमांकाच्या तारेचा व्यास ०.४०५ मिलिमीटर असतो, तो ०.४२२ मिलिमीटर केला की चांदीचा सारा लाभ तांब्यातच मिळतो. येथे एक गमतीची गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. भारतीय बाजारात मोटर-वाइंडिंगची तार पुष्कळदा ब्रिटिश तार-मापनाच्या क्रमांकाने मागितली जाते आणि त्या मापनातील २६ क्रमांकाच्या तारेचा व्यास ०.४५७ मिलिमीटर असल्याने तिचे क्षेत्रफळ अमेरिकन २६ क्रमांकापेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी अधिक असते. कोणत्या मापनाचा आकडा सांगितला जात आहे एवढ्या एका गोंधळातून जो फरक पडतो, तो चांदी आणि तांबे यांच्यातील फरकाच्या तिपटीहून अधिक आहे.

तापमानाचा परिणामही याच तोलाचा आहे. दर अंश सेल्सिअसमागे तांब्याचा रोध सुमारे ०.३९ टक्क्यांनी आणि चांदीचा सुमारे ०.३८ टक्क्यांनी वाढतो. मे महिन्यात ४२ अंशांवर तापलेल्या नागपूरमध्ये चांदीच्या तारेची रोधकता जवळजवळ १.७२ होते, तर महाबळेश्वरच्या हिवाळ्यात १२ अंशांवर तांब्याची रोधकता १.६७ पर्यंत खाली येते. म्हणजे थंडीतले तांबे उन्हाळ्यातल्या चांदीपेक्षा सरस वाहक ठरते. असे असूनही थंडीत हेडफोनचा नाद उजळतो आणि उन्हाळ्यात तो उबदार होतो, असा दावा कोणत्याही विक्रेत्याने केल्याचे ऐकिवात नाही.

आता हे आकडे प्रत्यक्ष हेडफोनला लावून पाहावेत. सेनहायझर कंपनीचा १९९७ मध्ये बाजारात आलेला एचडी ६०० हा हेडफोन उदाहरणादाखल सोयीचा आहे, कारण तो आजही विकला जातो, त्याची केबल दोन्ही कपांपासून सुटते आणि तिला पर्यायी केबलींचा मोठा बाजार आहे. त्याचा संरोध ३०० ओहम आहे. संरोध म्हणजे बदलत्या दिशेच्या प्रवाहाला उपकरणाकडून होणारा एकूण विरोध, जो ध्वनीच्या वारंवारतेनुसार कमीअधिक होऊ शकतो. केबलची लांबी तीन मीटर आणि जाण्यायेण्याचा एकूण मार्ग सहा मीटर धरला, तर २६ क्रमांकाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.८० ओहम आणि चांदीचा ०.७४ ओहम येतो. तीनशे ओहमांपुढे या रोधामुळे ध्वनिपातळीत होणारी घट तांब्यात ०.०२३ डेसिबल आणि चांदीत ०.०२१ डेसिबल इतकी असते. डेसिबल हे दोन पातळ्यांचे गुणोत्तर सांगणारे माप आहे आणि उत्तम परिस्थितीत सरावलेल्या कानालाही काही दशांश डेसिबलच्या खालचा बदल टिपता येत नाही. येथे दोन धातूंमधील अंतर दोन सहस्रांश डेसिबल आहे. त्यातही ते सर्व वारंवारतांवर जवळपास सारखेच पडते, म्हणजे त्याचा परिणाम झालाच तर आवाज नाममात्र मोठा होण्यापुरता होईल, उजळपणा किंवा उबदारपणा त्यातून निघणार नाही.

याच हेडफोनची आणखी एक बाब चांदीच्या बाजूने होणाऱ्या युक्तिवादाला अडचणीत आणते. पडदा हलवणारे त्याचे स्वर-वेटोळे, म्हणजे चुंबकाच्या फटीत बसवलेली बारीक तारेची गुंडाळी, वजन कमी राहावे म्हणून ॲल्युमिनियमच्या तारेची केलेली आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या तीन-पंचमांशच असते आणि ती तार केसासारखी बारीक व बरीच लांब असते. संकेताला या गुंडाळीतून शेकडो ओहम ओलांडावे लागतात, मग त्याने आधीचा एक ओहमही नसलेला मार्ग चांदीचा ओलांडला की तांब्याचा, याने पडद्याच्या हालचालीत फरक पडण्याचे कारण उरत नाही.

मात्र केबलच्या रोधाला कधीच महत्त्व नसते, असा निष्कर्ष येथे काढणे चुकीचे होईल. ज्या उपकरणाचा संरोध कमी आहे आणि शिवाय वारंवारतेनुसार तो मोठ्या प्रमाणात बदलतो, तेथे मालिकेत आलेला रोध नादाचा तोल खरोखर बदलतो. कानाच्या नळीत बसणारे, अनेक सूक्ष्म चालक, म्हणजे ध्वनी निर्माण करणारे घटक, असलेले इन-इअर हेडफोन या वर्गात मोडतात. मालिकेतील रोधाने तोल बदलण्याचे सर्वांत बोलके उदाहरण एटिमोटिक या अमेरिकन कंपनीने स्वतःच घालून दिले आहे. तिच्या ईआर-४पी या २७ ओहमांच्या इन-इअरला दर बाजूस ७५ ओहमांचा रोधक असलेली जोडकेबल लावली, की वरच्या वारंवारता तुलनेने उचलल्या जातात आणि त्याचे स्वरूप ईआर-४एस या त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रतिमानाजवळ जाते. केबलमुळे आवाज बदलतो या म्हणण्याला भक्कम पुरावा हवा असेल तर तो हा आहे; परंतु त्यासाठी ७५ ओहम लागले, आणि चांदी व तांबे यांच्यातील अंतर एका ओहमाच्या काही शतांशांचे आहे, हे त्याच वेळी ध्यानात ठेवावे लागते. शिवाय या उदाहरणात वरचे स्वर उजळले ते रोध वाढल्यामुळे, त्यामुळे कमी रोधाच्या चांदीला उजळपणाचे श्रेय देणाऱ्यांची येथे उलटीच पंचाईत होते.

इन-इअरसाठी हिशेब मांडायचा तर असे समजावे की त्याचा संरोध काही वारंवारतांना ५ ओहम आणि काही वारंवारतांना ५० ओहम आहे, आणि केबल १.२ मीटर लांबीची व २८ क्रमांकाची, म्हणजे बरीच बारीक आहे. तांब्यात तिचा जाण्यायेण्याचा रोध ०.५१ ओहम येतो आणि त्यामुळे दोन टोकांच्या वारंवारतांमध्ये ०.७६ डेसिबलचा तोल ढळतो. तीच केबल चांदीची केली तर हा ढळ ०.७० डेसिबल होतो. याउलट तांबेच ठेवून तार २४ क्रमांकाची, म्हणजे जाड घेतली, तर ढळ ०.३१ डेसिबलवर येतो. धातू बदलून जे साधत नाही ते जाडी बदलून साधते, आणि तेही कमी पैशांत. अर्थात या सर्वांपेक्षा मोठा वाटेकरी अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याचा स्वतःचा निर्गम-संरोध, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेतामागे उपकरणातच दडलेला रोध, १० ओहम असेल, तर याच इन-इअरचा तोल सुमारे आठ डेसिबलने ढळतो. ज्याच्या इन-इअरचा आवाज एका यंत्रावर कर्कश आणि दुसऱ्यावर मंद लागतो, त्याने केबलच्या दुकानात जाण्याआधी दोन्ही यंत्रांची वैशिष्ट्यपत्रके वाचावीत.

सपाट पातळ पडद्यावर वाहक पट्ट्या छापलेल्या, प्लॅनर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हेडफोनांचा संरोध बहुधा सर्व वारंवारतांना सारखाच राहतो. त्यामुळे तेथे केबलच्या रोधाचा परिणाम फक्त एकूण पातळीवर होतो आणि आवाजाची कळ किंचित फिरवली की तो भरून निघतो.

रोधाखेरीज आणखी काही कारणे चांदीच्या समर्थनार्थ पुढे केली जातात. त्यांतील पहिले त्वचा-परिणामाचे, म्हणजे वारंवारता वाढत जाईल तसतसा प्रवाह तारेच्या गाभ्याकडून पृष्ठभागाकडे सरकण्याच्या प्रवृत्तीचे. हा परिणाम खरा आहे आणि रेडिओ-तंत्रज्ञानात तांब्यावर चांदीचा मुलामा देण्यामागे तेच कारण आहे. पण मानवी श्रवणाच्या वरच्या मर्यादेवर, म्हणजे २०,००० हर्ट्झला, तांब्यातील ही खोली सुमारे ०.४७ मिलिमीटर आणि चांदीतील ०.४५ मिलिमीटर असते, तर २६ क्रमांकाच्या तारेची त्रिज्याच ०.२ मिलिमीटर असते. म्हणजे प्रवाह तारेचा पूर्ण छेद व्यापतो आणि मुलाम्यापुरता मर्यादित राहण्याचा प्रसंगच येत नाही. दुसरे कारण धारितेचे, म्हणजे शेजारी ठेवलेल्या दोन वाहकांत विद्युतभार साठण्याच्या गुणाचे. ती तारांमधील अंतर आणि आवरणाचा पदार्थ यांवर ठरते, धातूवर नव्हे, आणि काही शे पिकोफॅरडच्या धारितेने १० ओहमांच्या स्रोतावर जी गाळणी तयार होते ती तीन कोटी हर्ट्झच्या घरात काम करू लागते. केबलची दिशा, तिचे ‘मुरणे’ आणि तत्सम मुद्द्यांवर येथे जागा खर्च करण्याचे कारण नाही.

शुद्धतेची भाषा मात्र समजून घेण्याजोगी आहे, कारण जाहिरातींचा बराचसा डोलारा तिच्यावरच उभा असतो. ‘फोर एन’, ‘सिक्स एन’ यांतील ‘एन’ म्हणजे नऊ हा अंक. फोर एन म्हणजे ९९.९९ टक्के आणि सिक्स एन म्हणजे ९९.९९९९ टक्के शुद्ध धातू. ऑक्सिजनमुक्त तांबे मुळात ध्वनीसाठी घडवले गेले नाही. साध्या तांब्यातील प्राणवायूचा अंश हायड्रोजनयुक्त वातावरणात तापवल्यावर वाफ निर्माण करतो आणि धातू आतून भेगाळतो, म्हणून निर्वात नळ्यांसारख्या उपयोगांसाठी प्राणवायू काढून टाकलेले तांबे आवश्यक ठरले. वाहकतेत ते साध्या विद्युत-प्रतीच्या तांब्यापेक्षा फार तर एका टक्क्याने सरस असते. ‘ओसीसी’ ही अक्षरे जपानमधील चिबा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक अत्सुमी ओनो यांनी विकसित केलेल्या अखंड ओतकामाच्या पद्धतीवरून आली आहेत. तीत साचा तापवलेला ठेवल्याने धातू बाहेर येताना गोठतो आणि त्याचे स्फटिक खूप लांब होतात. पद्धत अभ्यासपूर्ण आहे आणि तिला धातुशास्त्रात स्वतंत्र मोलही आहे. परंतु दोन धातूंमधील आठ टक्केही जेथे कानापर्यंत पोहोचत नाहीत, तेथे स्फटिकांच्या सीमांमुळे पडणारा त्याहून सूक्ष्म फरक पोहोचेल, अशी अपेक्षा ठेवण्यास आधार नाही. रेडिओचा उपयोग सोडला, तर तांब्यावर चांदीचा मुलामा देण्याची चालही उष्णतारोधक आवरणांच्या गरजेतून रुळली. टेफ्लॉनसारखे आवरण तारेवर चढवताना जे तापमान लागते त्यात कल्हईचा थर टिकत नाही, चांदीचा टिकतो. केबलच्या धातूला नादाचा स्वभाव जोडण्यात आला तो यानंतर.

इतके असूनही केबल बदलल्यावर आवाज बदलल्याचे अनेक प्रामाणिक श्रोते सांगतात, आणि त्यांना भ्रम झाला असे म्हणून तो विषय मिटवणे योग्य नाही. अनेकदा आवाज खरोखरच बदललेला असतो, फक्त त्याचे कारण धातू नसते. सर्वांत मोठे कारण प्लगचे आहे. मूळ केबलला ६.३५ किंवा ३.५ मिलिमीटरचा प्लग असतो आणि नव्या चांदीच्या केबलला, ती उंची असल्यामुळे, ४.४ मिलिमीटरचा किंवा चार पिनांचा संतुलित प्लग असतो. संतुलित निर्गमात प्रत्येक कानासाठी दोन विरुद्ध दिशांचे संकेत वापरले जात असल्याने बहुतेक यंत्रांवर व्होल्टता दुपटीपर्यंत जाते, म्हणजे आवाज सहा डेसिबलपर्यंत वाढतो. किंचित मोठा आवाज कानाला मोठा न वाटता अधिक स्पष्ट आणि अधिक जिवंत वाटतो, ही श्रवणाची जुनी खोड आहे. मग हे श्रेय चांदीच्या पदरात पडते. दुसरे कारण संपर्काचे. वर्षानुवर्षे न हललेला प्लग काढून घातला, की त्यावरचा काळा थर घासला जातो आणि संपर्क-रोध काही शतांश ओहमांनी घटतो, म्हणजे जेवढा फरक चांदीकडून अपेक्षित होता तेवढा नुसते प्लग काढून घातल्यानेही पडू शकतो. तिसरे कारण असे की केबल बदलताना हेडफोन डोक्यावरून काढून पुन्हा चढवावा लागतो आणि गादी कानाभोवती थोडी वेगळी बसली, तर वरच्या वारंवारतांत केबलमुळे कधीही होणार नाही एवढा बदल होतो. आणि चौथे, चांदी शुभ्र आणि थंड, तांबे लालसर आणि उबदार, ही रंगांची समजूत डोळ्यांवाटे आधीच कानात जाऊन बसलेली असते.

म्हणून ज्याला स्वतः पडताळा घ्यायचा आहे त्याने दोन्ही केबलींना एकाच प्रकारचा प्लग असल्याची खात्री करावी, अ‍ॅम्प्लिफायरचे एकच भोक वापरावे आणि आवाजाच्या कळीला चाचणीभर हात लावू नये. संतुलित आणि साध्या निर्गमाची तुलना करायचीच असेल, तर मल्टिमीटरने निर्गमाची व्होल्टता मोजून ती एका टक्क्याच्या आत जुळवून घ्यावी, कारण एक टक्का म्हणजे साधारण ०.१ डेसिबल आणि याहून मोठा फरक राहिला तर चाचणीचा निकाल विश्वासार्ह ठरत नाही. त्यानंतर डोळे बांधून बसावे आणि कोणती केबल लावायची हे सहायकाने नाणे उडवून ठरवावे. आधीचीच केबल पुन्हा लावायची असली तरी त्याने ती काढून परत लावावी, म्हणजे हातांच्या हालचालीवरून अंदाज बांधता येणार नाही. सोळा फेऱ्यांपैकी किमान बारा उत्तरे बरोबर आली, तर ती केवळ नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते आणि मग फरक ऐकू येतो असे म्हणण्यास जागा होते. आठ-नऊ बरोबर येणे म्हणजे नाण्याचाच कौल. केबलचा रोध मोजू पाहणाऱ्याने स्वस्त मल्टिमीटरच्या ओहम-मापनावर विसंबू नये, कारण त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध काही दशांश ओहम असतो. केबलमधून १०० मिलिअँपिअरचा ज्ञात प्रवाह सोडून तिच्या दोन टोकांमधील मिलिव्होल्ट मोजले, तर आलेला आकडा शंभराने भागताच ओहम मिळतात.

निवडीचे खरे निकष याहून पार वेगळ्या ठिकाणी आहेत. पहिला निकष तारांच्या संख्येचा. दोन्ही कानांचे परतीचे मार्ग केबलमध्येच एकत्र जोडलेले असतील, तर त्या सामाईक तारेच्या रोधामुळे एका कानाचा संकेत दुसऱ्यात झिरपतो. ३२ ओहमांच्या हेडफोनला ०.४ ओहमांची सामाईक तार असेल, तर हा पाझर सुमारे उणे ३८ डेसिबलवर येतो, जो धातूच्या फरकापेक्षा कितीतरी अधिक दखलपात्र आहे. म्हणून चारही तारा प्लगपर्यंत स्वतंत्र जातात का, हा प्रश्न विक्रेत्याला सर्वांत आधी विचारावा. दुसरा निकष प्लग आणि कपाकडील जोड यांच्या घट्टपणाचा व तेथे तार वाकू नये म्हणून दिलेल्या आधाराचा आहे. केबल जवळजवळ नेहमी याच ठिकाणी तुटते. तिसरा निकष खरखरीचा. केबल कपड्यांना घासली की तिच्यातून यांत्रिक कंप कपापर्यंत चढतात आणि कानात खसखस ऐकू येते. ताठ टेफ्लॉनच्या आणि कापडी वेणीच्या केबलींत हा दोष अधिक जाणवतो, मऊ रबरी आवरणात कमी. वजन आणि लांबी यांचाही विचार व्हावा, कारण टेबलाजवळ बसून ऐकणाऱ्याला तीन मीटरची केबल पायात येते आणि जड केबल इन-इअरला कानातून खाली ओढते. चांदीची घनता तांब्यापेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आहे, पण केबलचे बहुतेक वजन आवरणाचे आणि प्लगचे असल्याने हा फरक हाताला फारसा कळत नाही.

टिकाऊपणाच्या बाबतीत मुंबई, कोकण आणि गोवा येथील दमट, खारट हवेत राहणाऱ्यांनी थोडी अधिक सावधगिरी बाळगावी. पारदर्शक आवरणाखालचे तांबे घाम आणि ओलावा यांमुळे कालांतराने हिरवे पडते, तर चांदी हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते. दोन्ही बदल बहुधा पृष्ठभागापुरते राहतात, दिसायला वाईट असले तरी आवाजावर त्यांचा परिणाम होत नाही. तथापि संपर्काच्या पिनांवर असा थर जमला तर तो पुसून काढावा लागतो. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याला मात्र एक खास धोका आहे. मुलाम्याला सूक्ष्म छिद्र किंवा ओरखडा पडून ओलावा आत शिरला, की दोन धातूंच्या संयोगामुळे खालचे तांबे झपाट्याने गंजून तांबूस भुकटी होते. अवकाश-तंत्रज्ञानात हा दोष ‘लाल प्लेग’ या नावाने ओळखला जातो. म्हणून मुलाम्याची केबल सतत गुंडाळून, पिळून आणि घामात भिजवून वापरणाऱ्यासाठी योग्य नाही. चांदीची कोणतीही केबल रबरबँडने बांधून ठेवू नये, कारण रबरातील गंधकच तिला काळे करते.

आता किमतीकडे वळावे. तीन मीटर लांबीच्या, २६ क्रमांकाच्या चार तारा असलेल्या केबलमध्ये चांदी भरते सुमारे १६ ग्रॅम. साध्या पैंजणांच्या जोडीतही पुष्कळदा याहून अधिक चांदी असते. सराफाकडील त्या दिवसाच्या भावाने हा गुणाकार केला, तर केबलच्या किमतीतील धातूचा वाटा किती आणि कारागिरी, नाव व नफा यांचा वाटा किती, हे खरेदीदाराला घरबसल्या कळते. कारागिरीचे पैसे मोजणे गैर नाही, हाताने वेणी घालून नीट डाग दिलेल्या केबलमागे खरे श्रम असतात. पण ते श्रम तांब्याच्या केबलमागेही तेवढेच असतात. दागिन्यावर असतो तसा हॉलमार्क केबलवर नसतो, त्यामुळे ‘शुद्ध चांदी’ म्हणून मुलाम्याचे तांबे विकले जाण्याला वाव राहतो. तारेचा एक तुकडा आडवा कापून त्याचा छेद भिंगाखाली पाहिला आणि आत तांबूस गाभा दिसला, तर फसवणूक उघड होते. हा तुकडा विक्रेत्याकडून खरेदीआधीच मागून घ्यावा आणि तो देण्यास त्याने टाळाटाळ केली, तर त्यातून जो अर्थ निघतो तो घ्यावा.

ज्याला केवळ नादात उजळपणा हवा आहे, त्याच्यासाठी तो मिळवण्याचे साधे मार्ग उपलब्ध आहेत. इक्वलायझरमध्ये वरच्या पट्ट्यात एका डेसिबलची वाढ केली, तर चांदीच्या नावाने जे शोधले जाते ते खात्रीने आणि फुकट मिळते, आणि न आवडल्यास परतही घेता येते. दबलेल्या जुन्या गाद्या बदलल्या तर बदल काही डेसिबलचा होतो. इन-इअर वापरणाऱ्याने रबरी टोप्यांचे दोन-तीन आकार लावून पाहावेत, कारण कानाची नळी नीट बंद झाली नाही तर खर्ज नाहीसा होतो आणि तो कोणत्याही तांब्याने परत येत नाही.

या साऱ्याचा विचार करता, मूळ केबल तुटली असेल, लांबी गैरसोयीची असेल, प्लग बदलायचा असेल किंवा खरखर त्रास देत असेल, तर दुसरी केबल अवश्य घ्यावी, आणि ती चार स्वतंत्र तारांची, मऊ आवरणाची, पुरेशा जाडीची तांब्याची घ्यावी. अनेक चालकांच्या कमी संरोधाच्या इन-इअरसाठी तार २४ किंवा २६ क्रमांकाची मागावी. चांदीचे रूप आवडते म्हणून ती घेणाऱ्याला कोणी अडवू नये. मात्र त्याने किंमत रूपासाठी मोजावी, बिलावर धातूची शुद्धता आणि तारेचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावा आणि केबल परत करण्याची मुदत संपण्याआधी डोळे बांधून सोळा फेऱ्यांची चाचणी उरकून घ्यावी.